चिनी 'ची' : पिळणे, चेंगरणे, धार काढणे की वेळ काढणे?

अबोली_चाकण

नमस्कार मंडळी. मी चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत खरेदी विभागात आहे. आमचे बरेच पुरवठादार चीनमधल्या निंगपो भागातले, म्हणून तीन वर्षांपासून चिनी भाषा शिकतेय. बोलणं बऱ्यापैकी जमतं, पण एका क्रियापदापाशी दर वेळी अडते. रोमन लिपीत ते जे-आय असं लिहितात, सूर (आवाजाचा चढउतार, चिनीत त्यावरून अर्थ बदलतो) तिसरा.

शब्दकोशात अर्थ दिलाय 'दाबणे, पिळणे'. तोच अर्थ डोक्यात धरून मागच्या महिन्यात एका ड्रॉइंगवरच्या चिनी टिपेचं भाषांतर मी 'प्रेस करून' असं केलं. आमच्या लोकांनी अर्थातच पत्रा प्रेसखाली ठोकून काढलेला भाग समजून पुढची चौकशी केली. खरं तर तो अॅल्युमिनियमचा एक्स्ट्रूजनचा, म्हणजे साच्याच्या भोकातून दाबून काढलेला भाग होता. आठवडा वाया गेला. कुणी काही बोललं नाही, पण मला फार लागलं, कारण तो शब्द मला 'येतो' असं मी धरून चालले होते.

तेव्हापासून हा शब्द जिथे दिसेल तिथे वहीत टिपून ठेवतेय. टूथपेस्ट काढायला हाच शब्द. मेट्रोच्या गर्दीतून जायला हाच. गाईची धार काढायला, वेळ काढायला, तारुण्यपीटिका फोडायला आणि नाइलाजाने हसायलाही हाच! यातलं सूत्र काय? मराठीतलं नेमकं कुठलं क्रियापद मनात धरू?

सुरावट

अबोलीताई, चांगला प्रश्न काढलात. मी पुण्यात चिनी शिकवते आणि हा शब्द शिकवताना दर वर्षी असाच गोंधळ होतो. आधी उच्चाराचं बोलू, कारण मराठी माणसाला इथे एक मोठी सोय आहे आणि ती कुणी सांगत नाही.

रोमन लिपीतल्या 'जे'वर जाऊ नका. आपला 'जी' घोष आहे, त्यात घशाचा नाद असतो. चिनी ध्वनीत तो नाद नाही. तो आपल्या 'चिंच', 'चिमणी' यातल्या च ला जास्त जवळ आहे. रोमनमध्ये 'क्यू' लिहितात तो आपला छ. म्हणजे च आणि छ हा अल्पप्राण-महाप्राण फरक आपल्याला लहानपणापासून येतो, तोच चिनीत हवा असतो. इंग्रजीवरून शिकणाऱ्याला तो महिनोनमहिने घोटावा लागतो. म्हणून मी या धाग्यात 'ची३' असं लिहीन, पुढचा आकडा सुराचा.

तिसरा सूर म्हणजे आवाज खाली नेऊन ठेवायचा. पण ची३ नंतर आणखी एक तिसरा सूर आला की पहिला बदलून दुसरा, म्हणजे चढता होतो. 'ची३ नाय३' (दूध काढणे) हे प्रत्यक्षात 'ची२ नाय३' असं ऐकू येतं. 'हन३ ची३' (खूप गर्दी) हे 'हन२ ची३'. पुस्तकात मात्र खूण तिसऱ्याचीच छापतात, त्यामुळे ऐकणं आणि वाचणं जुळत नाही असं नव्या विद्यार्थ्यांना वाटतं.

आता अक्षर. डावीकडे हाताची खूण, उजवीकडे 'छी२' हे अक्षर. त्या छी२चा स्वतःचा अर्थ 'एका रेषेत, नीटस' असा आहे, पण इथे ते आलंय ते मुख्यतः उच्चार सुचवायला. मुख्य भूमीवर वापरतात त्या सोप्या लिपीत हे अक्षर ९ रेघांचं. तैवानमध्ये जुनं रूप चालतं, ते १७ रेघांचं. हाताची खूण दोन्हींत आहे, म्हणून विद्यार्थी 'हाताने दाबणे' एवढंच लक्षात ठेवतात आणि मग मेट्रो आली की अडखळतात.

शांघायचा_पाव्हणा

मेट्रोचं मी सांगतो. शांघायला सहावं वर्ष. रोज पीपल्स स्क्वेअरला गाडी बदलतो. तिथे एक, दोन आणि आठ अशा तीन मार्गिका एकत्र येतात. सकाळी साडेआठला तिथे उभं राहिलं की हा शब्द कुठल्याही पुस्तकापेक्षा चांगला कळतो.

'ची३ ती४थ्ये३' म्हणजे शब्दशः 'मेट्रो दाबणे'. पण मेट्रोला कुणी दाबत नाही, मेट्रोत आपण दाबले जातो. इथे कर्माच्या जागी येते ती दाबली जाणारी वस्तू नसते, जिथे घुसायचं ती जागा असते. 'मी रोज मेट्रोने जातो' एवढंच सांगायचं तर वेगळं, साधं क्रियापद आहे. ची३ म्हटलं की 'रोज त्या गर्दीत घुसून जातो' हा ताण आपोआप येतो. डोंबिवलीहून फास्ट लोकल पकडणाऱ्याला तो समजावून सांगावा लागत नाही.

दुसरं, हा शब्द विशेषण म्हणूनही चालतो, आणि तेव्हा मराठीत त्याला नेमका शब्द आहे : गच्च. 'गाडी हन३ ची३' म्हणजे गाडी गच्च आहे. कर्ता गाडी, खोली, लिफ्ट अशी जागा असू द्या. माणसं खूप आहेत एवढंच म्हणायचं असेल तर 'रन२ हन३ त्वो१', माणसं पुष्कळ. आणि रस्त्यावर गाड्या तुंबल्या असतील तर ची३ म्हणू नका, तिथे तू३ म्हणजे तुंबणे. आपण तिन्हींना 'गर्दी' म्हणतो, म्हणून ही चूक हमखास होते. मीही पहिलं वर्षभर केली.

तिसरं, मला सगळ्यात आवडलेलं. 'ची३ यि ची३'. बाकावर जागा हवी असेल, लिफ्टमध्ये आणखी एक जण मावायचा असेल, तर दोनदा म्हणायचं आणि मध्ये हलका 'यि' घालायचा. तेच क्रियापद एकदम मवाळ होतं. हे आपलं लोकलमधलं 'जरा सरकून घ्या'. तिघांच्या बाकावर चौथी सीट मागताना जो स्वर लागतो, अगदी तो. उलट कुणी मागून रेटत असेल तर लोक वैतागून 'ची३ षन२म ची३!' म्हणतात. काय ढकलाढकली लावलीय!

सातारी_गोठा

वरचं सगळं वाचलं, छान वाटलं. माझा या भाषेशी संबंध दुधातून आला, म्हणून थोडं लांबण लावतो.

दूध काढणीची यंत्रं बसवायच्या कामासाठी मी दीड वर्ष इनर मंगोलियात, होहोत शहराच्या बाजूला होतो. तिथे दिवसभर कानावर हाच शब्द. दूध काढायच्या शेडला ची३नाय३थिंग१ म्हणतात, यंत्राला ची३नाय३ची१. शेवटचा ची१ म्हणजे यंत्र. सुरुवातीला तिसऱ्या सुरातला ची, शेवटी पहिल्यातला. पहिल्या आठवड्यात मला दोन्ही एकच ऐकू यायचे.

धार काढण्याआधी प्रत्येक सडातून पहिल्या तीन पिळा वेगळ्या भांड्यात घेतात. तिथे म्हणतात 'सान१ पा३ नाय३', तीन मुठी दूध. गाठी दिसल्या की दगडी झालीय, म्हणजे कासदाह, असं समजून ती गाय बाजूला. हा 'पा३' शब्द बघा, मूळ अर्थ मुठीत धरणे. वाक्यात कर्म क्रियापदाच्या आधी आणायला चिनी लोक जो 'पा३' वापरतात तोही हाच. 'टूथपेस्ट घेऊन ब्रशवर ची३' असं म्हणायचं तर 'पा३ या२काव१ ची३ ताव४ या२ष्वा१ षांग'. मला हे व्याकरण वर्गात कधी कळलं नाही. गोठ्यात कळलं, कारण आधी सड मुठीत धरायचा आणि मगच पुढची क्रिया.

आता मूळ सांगायचं ते. एका सुट्टीत तिथल्या ओळखीच्या पशुपालकाच्या घरी गेलो होतो. कुरणात तीन-चारच गाई, सगळं हाताने. घरची बाई धार काढत होती, मी म्हटलं मी काढतो. आमच्याकडे म्हशी, हाताला सवय आहे. पण गाय परकी, थंडीने बोटं आखडलेली, मी सड ओढायला लागलो. गाय पाय झाडायला लागली. ती बाई शेजारी बसली, माझी मूठ स्वतःच्या हातात धरली आणि म्हणाली, 'ची३, प्ये२ ला१.' ला१ म्हणजे ओढणे, प्ये२ म्हणजे नको. दाब, ओढू नकोस.

माझी आजी मला हेच म्हणायची. 'वडू नगंस पोरा, वरनं दाबत ये, दूध आपसूक खाली येतं.' वरची दोन बोटं आधी आवळायची म्हणजे दूध मागे कासेत जात नाही, मग मधलं बोट, मग खालची. चारही बाजूंनी दाब आणि बाहेर जायला एकच वाट. ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते या मुठीत आहे. नुसता दाब म्हणजे ची३ नव्हे. दाबामुळे काहीतरी अरुंद वाटेने बाहेर आलं पाहिजे, किंवा आत गेलं पाहिजे.

अबोली_चाकण

सातारी दादा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. चारही बाजूंनी दाब आणि एकच वाट. हे पकडलं तर टूथपेस्टही बसते, मेट्रोही बसते. पण मग बटण दाबणे? ओला टॉवेल पिळणे? तिथे ची३ नाही चालत?

सुरावट

नाही चालत, आणि इथेच आपली मराठी उपयोगी पडते, कारण आपणही या क्रिया वेगळ्या ठेवतो. बटण, दरवाजाची घंटा, बोटाने एका जागी दाबणे : आन४. वरून वजन ठेवणे, दडपणे : या१. चिमटीत धरून दाबणे : न्ये१. टॉवेल दोन हातांनी उलटसुलट पिळणे : निंग२. उसाचा रस, तेल, मोठा दाब देऊन सगळा अर्क काढणे : चा४, यात जीभ वर वळवून च म्हणायचा. आपल्या घाण्याचं काम ते. उरतो फक्त चोथा.

लिंबाचं मात्र बघा. जेवताना माशावर लिंबाची फोड पिळली तर ची३. त्याच लिंबाचा यंत्रात रस काढला तर चा४. आणि स्पंज मुठीत दाबून पाणी काढलं तर ची३, पण टॉवेलला पीळ दिला तर निंग२. मराठीत लिंबू आणि टॉवेल दोन्ही आपण पिळतोच, म्हणून 'पिळणे = ची३' असं पाठ करणारा टॉवेलपाशी चुकतो.

सोऱ्या

मी धागे वाचतो, लिहीत नाही, पण एक्स्ट्रूजनचा विषय निघाला म्हणून आलो. धंदा तोच, अॅल्युमिनियमचे सेक्शन.

ताई, तुमच्या ड्रॉइंगवर 'ची३या१' असणार. ची३ आणि या१ एकत्र. चिनी कारखान्यांत एक्स्ट्रूजनला हाच शब्द आहे. पत्रा ठोकून आकार देण्याच्या प्रेसला 'छुंग४या१' म्हणतात, त्यातला छुंग४ म्हणजे यंत्राने ठोकणे. या१ दोन्हींत आहे, त्यामुळे नुसत्या 'दाब'वर गेलात तर दोन्ही सारखेच दिसतात. फरक पहिल्या अक्षरात आहे.

आणि मराठीत याला घरातलंच उदाहरण आहे, माझं नाव बघा. चकलीचं पीठ सोऱ्यात भरलं, दट्ट्या दाबला, खाली चकती, तिच्या चांदणीच्या आकाराच्या भोकातून चकली बाहेर. अॅल्युमिनियमचा तापवलेला गोळा, मागून रॅम, पुढे डाय. यंत्र तेच, पीठ वेगळं. आमच्याकडे नवीन पोरगं आलं की मी याच उदाहरणाने एक्स्ट्रूजन समजावतो.

आता गंमत. चीनमध्ये शान्शी भागात लाकडी साच्यातून दाबून काढलेल्या शेवया असतात, हऽलऽ असं काहीसं नाव, भांड्यावरच साचा ठेवून उकळत्या पाण्यात सोडतात. यंत्र सोऱ्याचंच, पण तिथे लोक ची३ नाही, या१ म्हणतात. मला हे कळायला वेळ लागला. मोठ्या लाकडी दांड्यावर माणूस अंगाचं वजन टाकतो, ते दिसतं, म्हणून या१. म्हणजे या१ हात किंवा वजन काय करतंय ते सांगतं, आणि ची३ त्या पिठाचं काय होतंय ते सांगतं, असं मी धरतो. सुरावट मॅडमनी चूक असेल तर सांगावं.

जाता जाता : मशीनवर दोन प्रकारच्या पाट्या असतात. एकीवर ची३या१ असतं, म्हणजे दोन भागांत चिरडले जाल. दुसरीवर 'च्या१षोउ३', हात चिमटेल. कामगारांना भाषांतर करून देताना दोन्हींना 'सावधान' एवढंच लिहू नका, काय होईल ते लिहा.

सुरावट

चूक नाही, उलट छान मांडलंत. मी एवढंच जोडीन की क्रियापद म्हणून ची३ पुष्कळदा एकटं येत नाही. मागे कुठली दिशा किंवा कुठला परिणाम जोडला ते बघायची सवय लावा. 'ची३ चिन४छ्यू४' घुसून आत जाणे. 'ची३ छू१लाय२' पिळून बाहेर येणे. 'ची३मान३' खचाखच भरणे. 'ची३कान१' पिळून कोरडं करणे. मध्ये नकार घातला की 'ची३ पू चिन४छ्यू४', घुसताच येत नाही, आणि होकाराला 'ची३ त चिन४छ्यू४'. मराठीत आपण 'पिळून काढ', 'घुसून बस', 'कोंबून भर' अशी दोन क्रियापदं जोडतोच की! चिनी माणूस पहिलं क्रियापद एकच ठेवतो आणि दुसरं बदलतो. म्हणून तुम्हाला वाटतं एका शब्दाला दहा अर्थ आहेत.

गर्दीत ढकलले गेलात तर 'पेय४' लावा. 'वो३ पेय४ ची३ श्यालाय ल' म्हणजे 'मला रेटून खाली उतरवलं', आपलं स्टेशन नसताना!

शांघायचा_पाव्हणा

हे शेवटचं वाक्य माझ्या बाबतीत घडलेलं आहे, त्यामुळे ते कधीच विसरणार नाही.

बोलण्यातले काही सांगतो. एखाद्याला प्रश्न विचारला आणि तो एकेक शब्द मोजून देतोय, तर लोक म्हणतात याचं बोलणं म्हणजे 'ची३ या२काव१', टूथपेस्ट दाबणं चाललंय. आपण म्हणतो याच्या तोंडातून शब्द काढावा लागतो. दर वर्षी थोडीशीच सुधारणा करून नवा माल विकणाऱ्या कंपनीलाही हेच लावतात. शाळाप्रवेश, नोकरी यासाठी झुंबड उडाली की 'ची३फो४ थोउ२', डोकं फुटेपर्यंत घुसणे. इथल्या जूनमधल्या विद्यापीठ प्रवेश परीक्षेला २०२४ मध्ये सुमारे १ कोटी ३४ लाख मुलांनी नाव नोंदवलं होतं. त्या दिवसांत शाळांबाहेर उभे असलेले आईबाप पाहिले की हा शब्द अतिशयोक्त वाटत नाही.

बँक बुडणार अशी बातमी पसरून ठेवीदारांनी एकदम गर्दी केली तर ते ची३त्वेय४. आणि फुगवलेले आकडे खरे करणे म्हणजे 'ची३ ष्वेय३फन४', आकड्यांतलं पाणी पिळून काढणे. दुधात पाणी घालणारा देश कुठलाही असो, हे कळायला अवघड नाही.

कामाच्या ठिकाणचा एक शब्द मात्र जड आहे. फाय२ची३. चारचौघांनी मिळून एखाद्याला हळूहळू बाहेर ढकलणे, वाळीत टाकल्यासारखं वागवणे. माझी एक सहकारी महिनोनमहिने हे सोसत होती. तिने एके दिवशी जेवताना हा शब्द हळूच उच्चारला, मला तेव्हा तो माहीत नव्हता, आणि मी मान डोलावून विषय बदलला. घरी येऊन शब्द शोधला. दुसऱ्या दिवशी जाऊन तिच्या शेजारी बसलो. म्हणून सांगतो, हा शब्द आधीच माहीत असू द्या.

सातारी_गोठा

वर ताईंनी लिहिलंय 'वेळ काढणे'ला ची३. माझ्या कानावर दुसराही शब्द यायचा, छोउ१. 'छोउ१ ष्र२च्येन१'. फरक काय?

सुरावट

नेमकं विचारलंत. छोउ१ म्हणजे मधून ओढून काढणे, खणातून कागद काढावा तसं. 'या आठवड्यात वेळ काढून ये' असं सहज म्हणायचं तर छोउ१. ची३ तेव्हा, जेव्हा वेळ मुळात नाहीच आणि कसाबसा, झोप कमी करून, दोन कामांच्या फटीतून काढायचाय. म्हणून दुसऱ्याला 'माझ्यासाठी वेळ ची३ कर' असं म्हणणं फार आग्रहाचं होतं. स्वतःबद्दल बोलताना चालतं.

हसण्याचंही तसंच. 'ची३ छू१ श्याव४रुंग२' म्हणजे हसू येत नाही, चेहऱ्यावर पिळून आणायचं. आपण 'कसनुसं हसणे' म्हणतो ते. कुणाच्या आनंदाच्या फोटोखाली हे लिहू नका.

अबोली_चाकण

सगळ्यांचे मनापासून आभार. आज जेवणाच्या सुट्टीत बसून वाक्यं केली, तपासाल का? मराठीत अर्थ लिहून ची३ कुठे वापरला तेवढं सांगते.

एक : लिफ्ट गच्च आहे, मी पुढच्या लिफ्टने येते (हन३ ची३). दोन : आईने सोऱ्यातून चकल्या काढल्या (ची३ छू१लाय२). तीन : बाबांनी दट्ट्या जोरात दाबला (इथे या१). चार : रोज रात्री मुलगी झोपल्यावर अर्धा तास काढून चिनीचा अभ्यास करते (ची३ ष्र२च्येन१). पाच : शनिवारी बाजारात खूप ची३ होती.

शांघायचा_पाव्हणा

पाचवं सोडून सगळी बरोबर. 'बाजारात ची३ होती' असं नाही, बाजार हा कर्ता करा, 'बाजार हन३ ची३'. गर्दी हे नाम डोक्यातून काढा, गच्च हे विशेषण आणा.

सुरावट

आणि चौथं वाक्य तुमचंच आहे हे लक्षात आलं. तिथे छोउ१ न वापरता ची३ वापरलंत ते अगदी योग्य.

अबोली_चाकण

हो, माझंच आहे. मुलगी अकराला झोपते.

निंगपोच्या पुरवठादाराला आज सुधारित चौकशी पाठवली, त्यात ची३या१ असं स्पष्ट लिहिलं आणि शेजारी सेक्शनचं चित्र जोडलं. तासाभरात उत्तर आलं, डायचा खर्च वेगळा लिहून.